‘तयार’ कुणाला म्हणायचं? शालेय परीक्षेत विद्यापीठाने उचलायचा वाटा

शाळेच्या शेवटच्या टप्प्यावरची परीक्षा मुलं कॉलेजसाठी तयार आहेत की नाहीत हे सांगते, असं आपण धरून चालतो. पण तयार म्हणजे नेमकं कशासाठी, हे शाळेला कुणी सांगितलेलं असतं का? बहुतेक वेळा नाही. शाळा आपला अभ्यासक्रम संपवते, परीक्षा मंडळ निकाल लावतं आणि दोन महिन्यांनी पहिल्या वर्षाच्या वर्गातून बाहेर पडणारे प्राध्यापक स्टाफरूममध्ये म्हणतात, “यांना साधा परिच्छेद लिहिता येत नाही.” मग कॉलेज शाळेकडे बोट दाखवतं, माध्यमिकचे शिक्षक प्राथमिककडे आणि प्राथमिकचे घराकडे.

पूर्वी हे दोन संसार इतके वेगळे नव्हते. आपल्याकडे आजही तोंडात असलेला ‘मॅट्रिक’ हा शब्द पाहा. मॅट्रिक्युलेशन म्हणजे विद्यापीठाच्या पटावर नाव लागणं. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याने पहिली मॅट्रिक घेतली. शाळेची शेवटची परीक्षा होती ती विद्यापीठाची. इंग्लंडात ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने १८५८ मध्ये शाळकरी मुलांसाठी ‘लोकल’ परीक्षा सुरू केल्या. अमेरिकेत १९०० मध्ये कॉलेजांनी आणि शाळांनी मिळून कॉलेज बोर्ड उभं केलं आणि १९०१ मध्ये पहिल्या सामाईक परीक्षा घेतल्या. त्या व्यवस्थेत एक मोठा दोष होता. विद्यापीठात मूठभर मुलं जात, पण त्यांच्यासाठी सगळी शाळा वाकवली जाई. म्हणून स्वतंत्र परीक्षा मंडळं आली, आणि ते योग्यच झालं. मात्र त्या वाटणीत विद्यापीठ पार बाहेर गेलं. त्याला परत आत आणायचं, पण शाळेच्या डोक्यावर न बसवता, हे कसं करायचं त्याबद्दल हा लेख आहे.

तुम्ही प्राचार्य असाल, विभागप्रमुख असाल किंवा ‘परीक्षा सल्लागार समितीवर या’ असं पत्र आलेले प्राध्यापक असाल, तर पुढची कामं शक्यतो याच क्रमाने करा.

पहिलं काम: स्वतःचं पहिलं वर्ष उघडा

समितीच्या पहिल्या बैठकीत प्राध्यापकांना विचारलं जातं, “मुलांना काय यायला हवं?” या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. बसल्या जागी जी यादी निघते ती अपेक्षांची असते, गरजांची नसते. त्याऐवजी पहिल्या सत्राचे खरे कागद जमवा: प्रत्यक्ष लागलेल्या प्रश्नपत्रिका, गृहपाठ, वाचायला दिलेले उतारे आणि तपासलेल्या उत्तरपत्रिका. उत्तरपत्रिका तीन थरांतल्या हव्यात: चांगल्या, काठावर पास झालेल्या आणि थोडक्यात नापास झालेल्या. नावं झाकून घ्या. एकाच नामांकित कॉलेजचे कागद चालणार नाहीत. ज्या कॉलेजांत सर्वाधिक मुलं जातात तिथले हवेत.

आता प्रत्येक कागदावरून लिहून काढा: विद्यार्थ्याला एका आठवड्यात किती पानं वाचावी लागतात? लिहायचं ते स्वतःच्या अनुभवावर की दोन परस्परविरोधी उतारे वाचून? न शिकवता, येतंच असं समजून, कोणतं गणित वापरलं जातं? अर्थशास्त्राच्या पहिल्या सत्रात कलनशास्त्राचं (कॅल्क्युलसचं) नाव अनेकदा निघतही नाही. पण टक्केवारीतला बदल, गुणोत्तर आणि आलेखाचा उतार वाचता येणं पहिल्या पंधरवड्यातच लागतं. अपेक्षांच्या यादीत मात्र कलनशास्त्र वर असतं आणि टक्केवारी कुणी लिहितही नाही.

मग तीन रकाने करा: ‘आलंच पाहिजे’, ‘आलं तर बरं’, ‘आम्ही शिकवतो’. वाद पहिल्या रकान्यावर होतो. तो मिटवायला एक प्रश्न पुरतो: हे येत नसेल तर विद्यार्थी कितव्या आठवड्यात अडखळतो? आठवडा सांगता आला नाही तर ती गोष्ट पहिल्या रकान्यातून काढा. अमेरिकेत २०११ च्या सुमारास डेव्हिड कॉन्ली यांच्या गटाने सुमारे १,९०० प्राध्यापकांपुढे शालेय मानकं ठेवून जवळपास हेच विचारलं होतं: हे तुमच्या कोर्सला लागू आहे का आणि किती महत्त्वाचं आहे? इतका मोठा पसारा प्रत्येकाला जमणार नाही. दहा कोर्सेस नीट तपासले तरी डोळे उघडतात.

हे काम अंगावर येतं, कारण यात प्राध्यापकांचीही परीक्षा होते. एकाच विषयाच्या दोन तुकड्यांत दोन वेगळ्या अपेक्षा निघतात, आणि मग शाळेला दोष देण्याचा सूर जरा खाली येतो. माझ्या मते ही पायरी गाळणाऱ्या विद्यापीठाने पुढच्या पायऱ्या चढूच नयेत.

दुसरं काम: ‘तयार’ची व्याख्या आकड्यात लिहा

‘उच्च शिक्षणाची आव्हानं पेलण्यास सक्षम’ असली वाक्यं माहितीपत्रकात शोभतात. परीक्षेला लागते ती मोजता येणारी व्याख्या. एसीटी या अमेरिकी कॉलेज-प्रवेश परीक्षेने ती अशी केली: पहिल्या वर्षाच्या संबंधित कोर्समध्ये ‘बी’ किंवा वरची श्रेणी मिळण्याची शक्यता ५० टक्के, अथवा ‘सी’ किंवा वरची मिळण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के. तशाच दुसऱ्या प्रवेश परीक्षेची, सॅटची, २०१६ नंतरची रेषाही (‘तयार’ ठरायला लागणारे किमान गुण) ‘सी’साठी ७५ टक्क्यांवरच आहे: वाचन-लेखनात ४८०, गणितात ५३०. सामाईक शालेय परीक्षा घडवणाऱ्या अमेरिकी राज्यांच्या पार्क या गटाने पाच पातळ्यांपैकी चौथ्या पातळीला हाच अर्थ दिला होता.

७५ टक्के म्हणजे काय, हे मोठ्याने बोलून घ्या. रेषेवर ‘तयार’ ठरलेल्या चारांतला एक जण तरीही घसरणार आहे. हे आधीच मान्य केलेलं नसेल, तर पहिल्या निकालानंतर कुणीतरी “तुमची परीक्षाच खोटी” म्हणत उभं राहतं.

आणखी दोन गोष्टी व्याख्येतच घाला. पहिली: ही तयारी कोणत्या कोर्ससाठी? इतिहासाच्या आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला गणिताची एकच रेषा लावणं म्हणजे दोघांवरही अन्याय. प्रवेशपातळीच्या सर्वसाधारण कोर्ससाठी एक रेषा ठेवा आणि गणितप्रधान शाखांसाठी आणखी काय लागेल ते वेगळं सांगा. दुसरी: कागदावरची परीक्षा फक्त विषयाची तयारी मोजते. स्मार्टर बॅलन्स्ड या दुसऱ्या राज्यगटाने त्यासाठी मुद्दाम ‘आशय-सज्जता’ असा मर्यादित शब्द वापरला. वेळ सांभाळणं, अडलं की विचारायला जाणं, फीची सोय होणं, या गोष्टी कोणत्याही उत्तरपत्रिकेत दिसत नाहीत.

तिसरं काम: गुणांच्या बदल्यात काय देणार ते लेखी द्या

हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. गुणपत्रिकेवर ‘कॉलेजसाठी तयार’ असं छापलं, आणि कॉलेजात आल्यावर त्याच विद्यार्थ्याला पुन्हा चाचणी देऊन उपचारात्मक वर्गात (शाळेतलंच राहिलेलं पुन्हा शिकवणाऱ्या वर्गात) बसवलं, तर त्या छापील शब्दांची किंमत शून्य. ते शब्द म्हणजे हुंडी आहे. ती वटवणारी पेढी विद्यापीठच.

अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण विभागाने २०१० मध्ये पार्क आणि स्मार्टर बॅलन्स्ड यांना मिळून ३३ कोटी डॉलरच्या आसपास निधी दिला, तेव्हा अर्जासोबत सार्वजनिक विद्यापीठांची संमतिपत्रं मागितली होती. त्यात दोन कबुल्या होत्या: परीक्षा घडवण्यात आम्ही भाग घेऊ, आणि ठरलेली पातळी गाठणाऱ्या विद्यार्थ्याला उपचारात्मक वर्गातून सूट देऊन थेट श्रेयांकाच्या (पदवीसाठी धरल्या जाणाऱ्या) कोर्सला बसू देऊ. पहिला प्रश्न लिहिला जाण्याआधी ही कबुली घेणं फार शहाणपणाचं होतं.

वचनाच्या मसुद्यात पुढचं सगळं असू द्या: किती गुणांना कोणता कोर्स खुला, सूट किती वर्षं टिकते, मधे एक वर्ष गेलं तर काय, विद्यार्थी दुसऱ्या कॉलेजात गेला तर ते मान्य करणार का. आणि ठराव विद्या परिषदेत मंजूर करून घ्या. कुलगुरूंनी व्यासपीठावरून दिलेला शब्द पुढच्या कुलगुरूंना बांधत नाही.

इथेच एक गल्लत टाळायची. प्रवेश आणि सज्जता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेशात जागा मोजक्या असतात, म्हणून रांग लावावी लागते. सज्जतेत रांग नसते, रेषा असते. सगळेच्या सगळे पार झाले तरी कुणाचं काही बिघडत नाही. एकाच गुणाने दोन्ही कामं करायला गेलं की शिकवणीवाले त्या परीक्षेभोवती दुकान मांडतात, गुण फुगतात, आणि ज्या अंदाजासाठी परीक्षा घेतली तोच ढासळतो. वचन सूट देण्याचं असावं, जागेचं नाही.

चौथं काम: प्रश्न आणि तपासणी, दोन्हीला जोडीने बसा

प्रश्न काढताना एकटा प्राध्यापक नको. त्याच्या बाजूला तो विषय आज शाळेत शिकवणारा शिक्षक हवा. एकटा प्राध्यापक एक तर व्याख्या विचारतो, नाहीतर स्वतःच्या संशोधनातली गंमत. जोडीने प्रत्येक प्रश्नाला तीन चाळण्या लावायच्या: शाळेत शिकवलं गेलं आहे का, पहिल्या रकान्यातलं आहे का, आणि विषय येत असूनही केवळ भाषेच्या आडवळणामुळे मुलगा अडकेल का. प्रश्नपेढीत जाण्याआधी प्रश्न खऱ्या मुलांवर आजमावून घ्यायचा. बाकी तांत्रिक बाजू परीक्षा मंडळाला तुमच्यापेक्षा चांगली कळते. तिथे लुडबुड नको.

तपासणीत मात्र जरूर शिरा. एका दीर्घोत्तरी प्रश्नाच्या वीसेक उत्तरपत्रिका घ्या, शाळेच्या शिक्षकांनी आणि प्राध्यापकांनी त्या वेगवेगळ्या तपासाव्यात, मग गुण शेजारी शेजारी मांडावेत. सुवाच्य अक्षर, सुविचाराने सुरुवात, मुद्देसूद मथळे असलेल्या निबंधाला शाळेत भरघोस गुण मिळतात, प्राध्यापक विचारतात, “पण याचं म्हणणं काय आहे?” उलट खोडाखोड असलेला, पण दोन उताऱ्यांतला विरोध बरोबर पकडणारा निबंध त्यांना आवडतो. या एका दुपारच्या भांडणातून गुणदानाचे निकष जितके स्पष्ट होतात तितके दहा परिपत्रकांनी होत नाहीत. ज्यांवर एकमत झालं त्या उत्तरपत्रिका नमुना म्हणून जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या परीक्षकांना त्यांवरच तयार करायचं.

पाचवं काम: रेषा कुठे ओढायची

इथे घाई केली की आधीचं सगळं वाया जातं.

प्रचलित पद्धतींपैकी समजायला सोपी अँगॉफची. गटातल्या प्रत्येकाने काठावरच्या, म्हणजे जेमतेम तयार असलेल्या, १०० विद्यार्थ्यांची कल्पना करायची आणि प्रत्येक प्रश्नाला त्यातले किती जण बरोबर उत्तर देतील ते लिहायचं. समजा पाच प्रश्नांना एकाने ८०, ७०, ५५, ४० आणि ३० लिहिलं. बेरीज २७५, म्हणजे काठावरच्या विद्यार्थ्याला पाचांपैकी २.७५ गुण, ५५ टक्के. सगळ्यांची सरासरी ही पहिली रेषा. बुकमार्क पद्धतीत प्रश्न सोप्याकडून कठीणकडे लावून दिलेले असतात आणि काठावरचा विद्यार्थी जिथपर्यंत पोचेल तिथे खूण ठेवायची.

दोन्हींत पहिल्या फेरीनंतर चर्चा होते, मग दुसरी फेरी. प्राध्यापकांचा पहिला आकडा चढा यायचा संभव असतो, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे काठावरचा नाही, लक्षात राहिलेला विद्यार्थी येतो. म्हणून पहिल्या कामातल्या काठावर पास झालेल्या उत्तरपत्रिका टेबलावर पसरून ठेवा. ‘जेमतेम तयार’ असा दिसतो.

पण गटाचा अंदाज पुरेसा नाही. तो प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहायला हवा. समजा १०० गुणांच्या परीक्षेत ५५ ते ५९ मिळवलेल्यांपैकी पहिल्या वर्षाच्या कोर्समध्ये ६७ टक्के पास झाले आणि ६० ते ६४ वाल्यांपैकी ७६ टक्के. व्याख्या ७५ टक्क्यांची असेल तर गटाची ५५ ची रेषा खाली पडली. मग रेषा वर न्यायची, व्याख्या बदलायची की पहिल्या वर्षाचं शिकवणं तपासायचं? उत्तर आकडा देत नाही, माणसांनी द्यायचं. एवढं लक्षात असू द्या की हे आकडे फक्त कॉलेजात आलेल्यांचे आहेत; जे आलेच नाहीत त्यांचं काय झालं असतं हे त्यात नाही.

चुका दोन प्रकारच्या होतात. तयार नसलेल्याला तयार म्हणणं डोळ्यांत भरतं, कारण तो नापास होतो. तयार असलेल्याला अडवणं कुणाला दिसत नाही. तो उपचारात्मक वर्गात बसतो, कंटाळतो आणि निघून जातो. अमेरिकेतल्या सामुदायिक महाविद्यालयांच्या (दोन वर्षांच्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजांच्या) प्रवेशोत्तर चाचण्यांचा, म्हणजे प्रवेशानंतर कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवणाऱ्या चाचण्यांचा, जुडिथ स्कॉट-क्लेटन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. गणितात साधारण चारात एक आणि इंग्रजीत तिनात एक विद्यार्थी फार चुकीच्या जागी बसवला गेला होता, आणि विनाकारण खाली ढकललेल्यांची संख्या जास्त होती. शाळेतली वर्षानुवर्षांची श्रेणी एका चाचणीपेक्षा चांगला अंदाज देते, हेही त्याच सुमारास पुढे आलं. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदाच करून सामुदायिक महाविद्यालयांना शाळेतल्या श्रेणी विचारात घ्यायला लावलं.

म्हणून एकच धारदार रेषा नको, मधे पट्टा ठेवा. स्मार्टर बॅलन्स्डच्या चार पातळ्यांत चौथी गाठली की सूट पक्की. तिसरी गाठली तर शाळेच्या शेवटच्या वर्षात ठरावीक काम करून दाखवायचं, मग सूट. पट्ट्यातल्या मुलांचा निर्णय परीक्षेसोबत शाळेतल्या श्रेणी पाहून करा.

सहावं काम: उरलेलं वर्ष वाया जाऊ देऊ नका

निकाल शाळा सुटल्यावर आला तर तो केवळ शेरा. शेवटचं वर्ष सुरू होण्याआधी आला तर ते औषध. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने २००४ च्या सुमारास राज्याच्या शालेय परीक्षेतच अकरावीला जादा प्रश्न जोडले. ‘तयार’, ‘अटींवर तयार’ आणि ‘अजून नाही’ असं उत्तर विद्यार्थ्याला वर्ष हातात असताना मिळू लागलं. त्याहून महत्त्वाचं, विद्यापीठातल्या आणि शाळेतल्या शिक्षकांनी मिळून बारावीसाठी विवेचक वाचन-लेखनाचा एक कोर्स रचला आणि तो शिकवायला शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. याच विद्यापीठाच्या सॅक्रमेंटोच्या कॅम्पसवरच्या अभ्यासात या कार्यक्रमात भाग घेतलेल्यांना उपचारात्मक वर्ग लागण्याचं प्रमाण काही टक्क्यांनी घटलेलं दिसलं. ‘काही टक्के’ ऐकून नाक मुरडू नका. थोडे जादा प्रश्न आणि वेळेवर आलेलं एक पत्र यांच्या मानाने ती कमाई बरी आहे.

तुमच्याकडे परीक्षेची वेळ बदलणं हातात नसेल, तर निदान शेवटच्या वर्षासाठी एक-दोन कोर्स शाळांबरोबर बसून तयार करा. ‘अजून नाही’ असं सांगून पुढे काहीच न देणारं विद्यापीठ फक्त दार लावून घेतं.

सातवं काम: शाळेला उत्तर पाठवा, स्वतःचं वचन तपासा

एखाद्या शाळेतून आलेल्यांपैकी किती जणांनी पहिलं वर्ष पार केलं, कोणत्या विषयात अडखळले, ही माहिती दरवर्षी त्या शाळेकडे गेली पाहिजे. विद्यार्थ्यांची नावं नकोत, आणि संख्या फार लहान असेल तिथे आकडाच देऊ नये. पाच मुलांच्या गटात टक्केवारी म्हणजे ओळख पटवणंच. शाळांची गुणानुक्रमे यादी तर मुळीच लावू नका. एकदा ती छापून आली की पुढच्या वर्षी शाळा तुमच्याशी बोलणार नाहीत.

दर दोन-तीन वर्षांनी सूट मिळालेले खरोखर पास झाले का ते पाहा आणि रेषा हलवायची तर कारणासकट जाहीर करा. वचनं बदलतातही. कॅलिफोर्निया स्टेटने २०१७ च्या आदेशाने स्वतःच्या प्रवेशोत्तर चाचण्या आणि श्रेयांक नसलेले उपचारात्मक वर्ग बंद केले आणि २०१८ पासून शाळेतल्या श्रेणींसह अनेक पुराव्यांवर विद्यार्थ्याची जागा ठरवायला सुरुवात केली. पार्कची गोष्ट वेगळी: एके काळी वीसहून अधिक सदस्य असलेला हा गट राजकारणाच्या ओढाताणीत काही वर्षांत विरघळला. म्हणून शाळांशी जुळवलेलं नातं कोणत्याही एका परीक्षेच्या नावावर टांगू नका. तपासलेल्या उत्तरपत्रिका, तीन रकाने आणि माहितीची देवाणघेवाण परीक्षा बदलली तरी उपयोगी पडतात.

एक घरगुती अडचण राहिली. या कामात प्राध्यापकाचे अनेक दिवस जातात आणि बढतीच्या तक्त्यात त्याला रकानाच नसतो. परिणामी समितीवर ज्याला नाही म्हणता येत नाही तो जातो. पहिल्या वर्षाला वर्षानुवर्षं शिकवणारा, ज्याचं मत खरं मोलाचं, तो जात नाही. कार्यभारातून तास कमी करा, बढतीत गुण द्या. सगळ्या चक्राला साधारण तीन वर्षं धरा: एक कागद वाचण्यात आणि वचनात, एक प्रश्न-तपासणीत, एक पहिल्या तुकडीचा माग ठेवण्यात. रेषा त्या तिसऱ्या वर्षापर्यंत तात्पुरतीच समजायची.

पहिल्या बैठकीला भाषण नको. काठावर पास झालेल्या तीन उत्तरपत्रिका न्या, नावं झाकून, गुण मात्र झाकू नका. शाळेच्या शिक्षकांपुढे ठेवा, म्हणा, “आमच्याकडे हे पास होतं,” आणि ते काय म्हणतात ते लिहून घ्या.